ऋणमोचन नांवाचें गांव

वऱ्हाडांतील गांवांचीं नांवें ऐकून सहसा कोणी थबकत नाहीं. ज्या झाडाच्या सावलींत पहिलें घर उभें राहिलें, त्या झाडाचें नांव गांवाला मिळालें, अशी पुष्कळ गांवांची हकीकत असते. पिंपळगांव, वडगांव, बोरगांव, चिंचोली, बाभूळगांव हीं नांवें ओळीनें म्हणत गेलें तर वनस्पतिशास्त्राची एक लहानशी यादीच होईल. कांहीं गांवें माणसांचीं नांवें मिरवितात. दर्यापूर हें इमादशाही घराण्यांतील दर्या इमादशाहाचें, मूर्तिजापूर हें मुर्तजा निजामशाहाचें, अकोला हें अकोलसिंह नांवाच्या कोणा रजपुताचें, असें सांगतात. बाळापूरला बाळादेवीचें नांव आहे, तर चिखलदऱ्याच्या नांवांत लोकांना भीमानें मारलेला कीचक दिसतो. झाड, राजा, देवता किंवा पुराणांतील एखादी व्यक्ति, यांपलीकडे गांवाचें बारसें करणारांची कल्पना फारशी जात नाहीं.

अशा नांवांच्या मेळाव्यांत एक नांव मात्र अगदीं वेगळें आहे. अमरावतीच्या पश्चिमेस भातकुली तालुक्यांत, पूर्णा नदीच्या कांठीं एक लहानसें खेडें आहे. त्याचें नांव ऋणमोचन. ऋण म्हणजे कर्ज व मोचन म्हणजे सुटका. गांवकऱ्यांच्या बोलण्यांत त्याचें ‘रुणमोचन’ होतें. परंतु उच्चार बदलला तरी अर्थ कोणी विसरलेला नाहीं. कर्जांतून सुटका हें गांवाचें नांव असावें, आणि तें वऱ्हाडांत असावें, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

विलक्षण नांवाचीं खेडीं जगांत इतरत्रहि आहेत. ऑस्ट्रेलियांत न्यू साउथ वेल्स प्रांतांत वालगेट गांवाच्या बाजूला ‘कम बाय चान्स’ नांवाचें एक चिमुकलें खेडें आहे. त्याचा अर्थ ‘दैवयोगानें हातीं आलेलें’. १८६२ च्या सुमारास कॉलेस आडनांवाच्या भावांना त्या भागांत जमीन मिळाली. ती मिळेल अशी त्यांना आशाच नव्हती, म्हणून त्यांनीं तिला हें नांव दिलें, अशी तेथील हकीकत आहे. अवचित जमीन मिळाल्याच्या आनंदांतून तें नांव जन्मलें. आपल्याकडील ऋणमोचनाच्या परिसरांत, त्याच शतकांत, शेंकडों कुटुंबांच्या जमिनी तितक्याच अवचितपणें हातच्या जात होत्या. एका नांवामागें मिळाल्याचा हर्ष आहे, तर दुसऱ्यामागें सुटकेची आस आहे.

प्रथम गांवाची ओळख करून घेऊं. पूर्णा ही तापीची मोठी उपनदी. ती सातपुड्याच्या रांगांत, बैतूल जिल्ह्यांत उगम पावते. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि जळगांव जिल्ह्यांत चांगदेवापाशीं तापीला मिळते. पुराणांतील पयोष्णी ती हीच, अशी वऱ्हाडांतील भाविकांची समजूत आहे. तिच्या दोन्ही तीरांना खोल काळी जमीन पसरलेली आहे. कापूस, तूर आणि ज्वारी यांना ही काळी आईसारखी. पण पावसाळ्यांत तिचा चिखल असा कांहीं चिकटतो कीं, पायांतील वहाण तेथेंच रुतून राहावी.

नदीकांठीं मुद्गलेश्वर महादेवाचें देवालय आहे. मुद्गल ऋषींच्या नांवावरून देवाला हें नांव पडलें असें मानतात. पौष महिन्यांत दर रविवारीं येथें यात्रा भरते. पूर्णेंत स्नान करावें, महादेवाचें दर्शन घ्यावें आणि डोक्यावरील ऋणाचा भार हलका झाला असें मानून घरीं परतावें, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. पौष हा वऱ्हाडांत कापसाच्या वेचणीचा महिना. कापूस घरांत येतो, बाजारांत जातो, चार पैसे हातांत खुळखुळतात; आणि त्याच वेळीं ते पैसे कोणाकोणाचे आहेत याची आठवण करून देणारेहि दारीं येतात. ज्या महिन्यांत देणेंघेणें सर्वांत अधिक टोंचतें, नेमक्या त्या महिन्यांत ऋणमोचनाची यात्रा भरावी हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

या नावांतील ऋण कोणतें, असा प्रश्न येथें सहजच उपस्थित होतो. शास्त्राच्या दृष्टीनें त्याचें उत्तर सोपें आहे. मनुष्य जन्माला येतो तोच ऋण घेऊन येतो, असें तैत्तिरीय संहितेंत सांगितलें आहे. ऋषींचें ऋण अध्ययनानें फेडावयाचें, देवांचें यज्ञानें आणि पितरांचें संततीनें. हीं तीन ऋणें बहुतेकांना ठाऊक असतात. परंतु शतपथ ब्राह्मणांत याशिवाय एक चौथें ऋण सांगितलें आहे, तें मनुष्यांचें. आपल्या दारीं आलेल्या माणसाला आसरा द्यावा, अन्न द्यावें, म्हणजे तें फिटतें. पहिल्या तीन ऋणांचा उच्चार श्राद्धपक्षाच्या निमित्तानें वारंवार होतो. हें चौथें मात्र पोथींतच राहून जातें.

ऋणांतून सोडविणारीं तीर्थें हिंदुस्थानांत इतरहि आहेत. काशीस ऋणमोचन तीर्थ आहे. हरियाणांत बिलासपूर येथें कपालमोचन व ऋणमोचन अशीं दोन सरोवरें जवळजवळ असून कार्तिकी पौर्णिमेला तेथें मोठा मेळा भरतो. मंगळ ग्रहाला आणि नृसिंहाला उद्देशून ऋणमोचन स्तोत्रेंहि प्रसिद्ध आहेत. तेव्हां हा शब्द आपल्या धर्मजीवनांत जुनाच आहे. परंतु स्तोत्र म्हणणाऱ्या गृहस्थाच्या मनांत पितृऋण असतें कीं सावकाराचें ऋण असतें, हें त्याचें तोच जाणे. पूर्णेच्या कांठीं डुबकी मारणाऱ्या कास्तकाराला हा भेद करण्याची सवड बहुधा कधींच नव्हती.

कारण वऱ्हाडाचा अर्वाचीन इतिहासच मुळीं एका कर्जापासून सुरू होतो. हैदराबादच्या निजामावर कंटिंजंट फौजेच्या खर्चाचें कर्ज साचत गेलें. तें चाळीस लाखांच्या वर गेलें, तेव्हां १८५३ च्या तहान्वयें त्या फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं करण्यांत आला. सामान्य शेतकरी जसें शेत गहाण टाकतो, तसा येथें एका राजानें अख्खा प्रांतच गहाण टाकला. पुढें १८६० च्या तहांत जुन्या कर्जाची बाकी सोडून देण्यांत आली, पण प्रांत परत मिळाला नाहीं. १९०२ सालीं सालीना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यांत तो कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिला. कर्ज फिटलें तरी गहाण सुटलें नाहीं, ही गोष्ट खेड्यांतील कोणत्याहि कुळाला चांगली समजण्यासारखी होती. कारण त्याच्या स्वतःच्या घरीं तीच चालली होती.

हें कसें घडलें तें पाहण्यासारखें आहे. इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडची पैमाष झाली आणि शेत शेतकऱ्याच्या नांवें लागलें. तें त्याला विकतां येऊं लागलें, म्हणजेच गहाणहि टाकतां येऊं लागलें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खामगांव, अमरावती, अकोला येथील कापसाचे भाव एकाएकी वधारले. १८६७ पर्यंत मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग वऱ्हाडच्या छातीवरून गेला. पैसा आला, पैशाबरोबर लग्नांतील मानपान आला, मोठ्या पंगती आल्या, आणि हें सर्व असेंच चालणार या भरंवशावर काढलेलें कर्जहि आलें. १८६५ त युद्ध संपलें, भाव उतरले. कर्ज मात्र उतरलें नाहीं.

सावकाराची रीत ठरलेली असे. पेरणीच्या वेळीं दाणे द्यावयाचे, ते सुगीच्या वेळीं सवाईनें किंवा दिढीनें परत घ्यावयाचे. रोख रक्कम द्यावयाची असल्यास खत लिहून घ्यावयाचें. खत लिहिणारा सावकार, वाचणारा सावकार आणि अंगठा उठविणारें तेवढें कूळ. व्याज मुद्दलापेक्षां अधिक घेऊं नये असा दामदुपटीचा जुना दंडक होता. पण मुदत भरतांच व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत केलें कीं दामदुपटीचा हिशेब पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनीं या फांसाची गांठ पक्की केली. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं दंगे करून सावकारांचीं खतें जाळलीं, तेव्हां सरकारनें १८७९ चा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठीं केला. वऱ्हाडचा शेतकरी मात्र पौषांतील स्नानावरच विसंबून राहिला.

या परिस्थितींत वाढलेल्या एका मुलाचें नांव ऋणमोचनाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें परिटाच्या घरीं त्याचा जन्म झाला. नांव डेबूजी झिंगराजी जानोरकर. बाप व्यसनानें लवकर गेला. आई सखूबाई मुलाला घेऊन अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांत दापुरें गांवीं भावाच्या आश्रयाला आली. डेबूजी मामाचीं गुरें राखूं लागला, पुढें औत धरूं लागला आणि कष्टाळू शेतकरी म्हणून गांवांत नांवाजला. पण मामा चंद्रभानजी सावकाराच्या खतांत अडकले होते. देणें किती आणि फेडलें किती याचा मेळ त्यांना कधीं लागलाच नाहीं. अखेरीस पोटचें शेत गेलें आणि त्या धसक्यानें मामाहि गेले. शेतावर ताबा घ्यावयास आलेल्यांना डेबूजीनें बांधावर अडविलें, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. लिहितां-वाचतां न येणें म्हणजे काय, याचा अर्थ त्या तरुणाला त्या दिवसांत कळला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यानें घर सोडलें. अंगावर चिंध्या, हातांत खराटा आणि डोक्यावर गाडगें. हाच डेबूजी पुढें गाडगेमहाराज म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. घर सोडल्यावर ज्या ठिकाणीं त्यांच्या हातून पहिलें मोठें लोकोपयोगी काम झालें, तें ठिकाण ऋणमोचन.

यात्रेकरू पूर्णेवर स्नानाला उतरत त्या जागीं धड वाट नव्हती. काळ्या मातीचा उतार, त्यावर शेंकडों ओल्या पायांचा चिखल. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, लेंकुरवाळ्यांनीं त्यावरून घसरत जावें आणि कर्जांतून सुटण्यासाठीं आलेल्यांनीं हातपाय मोडून घ्यावे, असा प्रकार. तेथें बाबांनीं कुदळफावडें हातीं घेतलें. त्यांना पाहून इतर हात लागले. १९०८ च्या सुमारास पूर्णेवर घाट उभा राहिला आणि गांवांत लक्ष्मीनारायणाचें मंदिरहि बांधलें गेलें. यात्रेच्या दिवसांत आंधळ्या-पांगळ्यांना व भुकेल्यांना अन्न वाटण्याचा जो परिपाठ त्यांनीं येथें घातला, तोच पुढें त्यांच्या सर्व कार्याचा नमुना ठरला. १९१७ सालीं पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा झाली, १९२५ च्या सुमारास मूर्तिजापूर येथें गोरक्षण, धर्मशाळा व विद्यालय झालें, नाशकास धर्मशाळा व सदावर्त झालें. या सर्वांच्या आधीचा दगड पूर्णेच्या चिखलांत बसविलेला आहे.

शतपथ ब्राह्मणांतील तें चौथें ऋण येथें आठवावें. माणसाचें ऋण आसरा व अन्न देऊन फिटतें, असें तें वचन सांगतें. ज्याला अक्षर वाचतां येत नव्हतें त्या माणसानें, त्या पोथीचें नांवहि न घेतां, घाट, धर्मशाळा आणि सदावर्त यांच्या रूपानें तेंच ऋण जन्मभर फेडलें.

सावकाराच्या ऋणाविषयीं बाबांचें सांगणें याहून रोखठोक होतें. त्यांचें कीर्तन म्हणजे श्रोत्यांशीं वऱ्हाडी बोलींत चाललेली उलटतपासणी असे. देवाला बकरें कापण्यासाठीं कर्ज काढतां काय, लग्नांत मिरविण्यासाठीं शेत गहाण टाकतां काय, असे प्रश्न ते विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज काढून सण करूं नये, तीर्थालाहि जाऊं नये. घरांतलें ताट विकावें लागलें तरी चालेल, पण मुलाला शाळेंत घालावें, हा त्यांचा आग्रह. ज्याला खत वाचतां येतें त्याची शंभराचीं हजार लिहून कोणी फसवणूक करूं शकत नाहीं, हा दापुऱ्याच्या शेतानें शिकविलेला धडा त्यामागें होता. मात्र ऋणमोचनाची यात्रा बंद करा असें त्यांनीं कधीं म्हटलें नाहीं. लोक जेथें आशेनें जमतात तेथेंच जाऊन त्यांना शहाणें करावें, ही त्यांची पद्धत.

कायद्याचा हात वऱ्हाडांत उशिरां पोंचला. १९२९ नंतरच्या मंदींत कापसाचे भाव कोसळले आणि कर्जाचा डोंगर असह्य झाला. तेव्हां १९३३ सालीं मध्यप्रांतांत कर्ज लवाद कायदा झाला. सावकार व कूळ यांना समोरासमोर बसवून देणें तडजोडीनें कमी करावें व हप्ते बांधून द्यावे, ही त्याची योजना. अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवचे डॉ. पंजाबराव देशमुख हे त्या काळीं प्रांताचे मंत्री होते. या कायद्याच्या खटपटींत त्यांचा मोठा वाटा मानला जातो. १९३४ सालीं सावकारीवर निर्बंध घालणारा आणि १९३९ सालीं कर्जनिवारणाचा असे आणखी दोन कायदे आले. त्याच पंजाबरावांनीं १९३२ सालीं अमरावतीस श्रीशिवाजी शिक्षणसंस्था स्थापिली, हेंहि लक्षांत ठेवावें. एकानें कीर्तनांतून आणि दुसऱ्यानें कायदेमंडळांतून रोगाचें निदान केलें तें एकच निघालें: कर्ज आणि निरक्षरता हीं जुळीं भावंडें आहेत.

ऋणमोचनाच्या आसपासच्या शेतकऱ्याची आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील पुष्कळसा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील आठशेंहून अधिक गांवें त्यांत मोडतात. येथें विहीर खणली तरी पाणी खारें लागतें. तें पिकाला घातलें तर जमीनच बिघडते. म्हणून सारी भिस्त पावसावर. एक पाऊस चुकला कीं एक पीक गेलें, आणि एक पीक गेलें कीं एक कर्ज चढलें. सावकाराची जागा पुढें सहकारी सोसायटीनें व बँकेनें बव्हंशीं घेतली, तरी हा हिशेब तसाच राहिला. २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठीं पंतप्रधानांना खास मदतयोजना जाहीर करावी लागली. २००८ सालीं केंद्र सरकारनें आणि २०१७ व २०१९ सालीं राज्य सरकारनें कर्जमाफी केली. २०१४ सालीं सावकारीसंबंधीं नवा कायदाहि झाला. माफीनें सातबाऱ्यावरील बोजा उतरतो हें खरें; परंतु विहिरीचें पाणी गोड होत नाहीं आणि कापसाचा भाव शेतकऱ्याच्या मुठींत येत नाहीं. ज्या गांवांनीं शेततळीं खणून पावसाचें गोड पाणी अडविलें, त्या गांवांना मात्र दुसऱ्या पिकाची थोडी आशा लाभते. दामदुपटीहून पुरातन अशा या खाऱ्या पाण्याच्या कर्जावर पावसाचा थेंब अडविणें हाच कांहीं उतारा दिसतो.

गाडगेमहाराजांनीं २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांव येथें पेढी नदीच्या कांठीं देह ठेवला. ही पेढी पुढें जाऊन पूर्णेलाच मिळते. अमरावतीच्या विद्यापीठाला आतां त्यांचें नांव आहे. दापुऱ्याच्या ज्या मुलाला मामाचें खत वाचतां आलें नाहीं, त्याच्या नांवाची मोहोर आतां वऱ्हाडांतील हजारों पदवीधरांच्या प्रमाणपत्रांवर उमटते. फेडलेल्या ऋणाची याहून चांगली पावती दुसरी कोणती असणार?

पौषांतल्या रविवारीं ऋणमोचनास अजून यात्रा भरते. वेचणीचा कापूस घरांत टाकून आलेला एखादा कास्तकार घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशीं जातो, डुबकी मारतो आणि मुद्गलेश्वराला हात जोडतो. देव त्याच्या हिशेबाच्या वहींत कांहीं खोडाखोड करीत नाहीं, हें त्यालाहि ठाऊक असतें. तरी पण पाण्याकडे जातांना त्याचा पाय घसरत नाहीं. कारण त्याच्यासारख्याच एका कर्जानें पोळलेल्या माणसानें तेथें पायरी बसवून ठेविली आहे. गांवाच्या नांवानें जें वचन दिलें आहे, त्यांतला एवढा भाग तरी माणसाच्या हातून पुरा झाला आहे. राहिलेला भाग पुरा करावयाचा आहे, आणि तोहि माणसांनाच.